आयात शुल्क, व्यापार करार आणि गोव्याचे आरोग्य

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांविषयी आपल्याकडे जे छापून येते ते बहुतेक भात कमी करा, रोज चाला, चहात साखर घालू नका या वळणाचे असते. सल्ला बरोबरच आहे. पण फरसाण ज्या तेलात तळले जाते त्या तेलावर किती सीमाशुल्क लागले, पाकिटावर काय छापायचे हे कोण ठरवते, विमानतळावर सिगारेट करमाफ का मिळते, हे प्रश्न त्यात येत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या मधुमेह पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे वाचकांना आठवत असतील. २० वर्षांवरील लोकांत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. गोव्याची लोकसंख्या वयाने मोठी आहे, राहणी शहरी आहे, हेही त्यामागे आहेच. सगळा दोष आयातीवर ढकलणे हास्यास्पद ठरेल. तरीही आहाराचा जो भाग सरकार एका अधिसूचनेने बदलू शकते, त्याकडे कुणी पाहतही नाही, ही आमची तक्रार आहे.

त्यावर ठरलेले उत्तर असते की जागतिक व्यापार संघटनेचे नियम आहेत, करार झालेले आहेत, आपले हात बांधलेले आहेत. हा बराचसा बागुलबुवा आहे. गेल्या पस्तीस वर्षांतले निवाडे एकत्र वाचले तर दिसते की जे देश हरले त्यांनी आरोग्याच्या नावाखाली घरच्या मालाला झुकते माप दिले होते. ज्यांनी मालातला घातक घटक मोजला आणि माल कुठून आला हे पाहिले नाही, त्यांचे कायदे टिकले.

आधी तेलाचे बोलू, कारण आपल्या ताटात सर्वांत जास्त आयात तिथेच आहे. भारत खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो आणि त्या आयातीत पाम तेल ढोबळमानाने निम्मे असते. ते इंडोनेशिया आणि मलेशियातून येते, सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, तर सूर्यफूल तेल रशिया, युक्रेन आणि अर्जेंटिनातून. पाम तेलातली सुमारे निम्मी चरबी संपृक्त असते. सोयाबीन तेलात ती १५ टक्क्यांच्या आसपास आणि सूर्यफूल तेलात ११ टक्क्यांच्या आसपास असते. संपृक्त चरबीने रक्तातले एलडीएल, म्हणजे हृदयाला घातक, कोलेस्टेरॉल वाढते, यावर आता वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दिवसाच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक संपृक्त चरबीतून यावेत. २००० उष्मांक खाणाऱ्या माणसासाठी ही मर्यादा साधारण २२ ग्रॅम होते.

आता शेवेचे किंवा फरसाणाचे १०० ग्रॅमचे पाकीट घ्या. त्यात ३५ ग्रॅम चरबी असेल आणि ते पामोलिनमध्ये, म्हणजे पाम तेलाच्या पातळ भागात, तळले असेल, तर त्यातली सुमारे १५ ग्रॅम संपृक्त ठरते. तेच सूर्यफूल तेलात तळले असते तर ४ ग्रॅम. मीठ, तिखट, बेसन सगळे तेच. घरी डबा उघडून तेल ओतताना आपण कोणते तेल वापरतो हे माहीत असते, पण खारी, पॅटिस, बिस्किटे आणि पाकीटबंद फरसाण यांतले पाम न सांगता पोटात जाते. (पोदेराच्या, म्हणजे गावच्या पाववाल्याच्या, पावाला यात गोवू नये. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट यांच्या त्या पावात चरबी नावापुरतीच असते.) कारखानदार पाम का घेतो हेही समजून घ्यायला हवे. ते स्वस्त आहे, कढईत जास्त वेळ टिकते, त्याला स्वतःचा वास नाही आणि ते थोड्या गारव्यातही थिजते, त्यामुळे खारीला पदर सुटतात. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर मर्यादा आली तेव्हा बेकरीने पामकडेच मोर्चा वळवला. एक दार बंद केले की धंदा शेजारच्या दाराने आत येतो, हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरायला हवे.

सीमाशुल्काने हे गणित बदलू शकते. १४ सप्टेंबर २०२४ रोजी, चवथ होऊन आठवडा उलटताच, केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलांवरचे मूळ शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले. अधिभार धरून एकूण भार ५.५ वरून २७.५ टक्के झाला. मे २०२५ अखेर मूळ शुल्क १० टक्क्यांवर आणले आणि एकूण भार १६.५ टक्के झाला, तर शुद्ध केलेल्या तेलांवर तो ३५.७५ टक्केच राहिला. दोन्ही वेळा विचार शेतकरी, रिफायनरी आणि महागाई यांचा झाला, आणि तो व्हायलाही हवा. पण तिन्ही तेलांना दर एकच लावला गेला. हृदयाच्या दृष्टीने ज्या तेलांत इतका फरक आहे, ती शुल्काच्या तक्त्यात जुळी भावंडे ठरली.

आमची सूचना साधी आहे. कच्च्या पामवर एकूण भार २७.५ टक्के ठेवावा आणि कच्च्या सोयाबीन व सूर्यफुलावर ५.५ टक्के. आयात निम्मी-निम्मी आणि भाव सारखेच धरले तर सरासरी पुन्हा १६.५ टक्केच येते. तिजोरीला खोट बसत नाही, तेलाचा सरासरी भाव फारसा हलत नाही, पण कारखानदारासमोरचा हिशेब बदलतो. पाम आणि सोयाबीन यांचे दर वेगळे असणे ही नवलाईही नाही. मार्च २०१८ मध्ये कच्च्या पामवर ४४ टक्के मूळ शुल्क होते आणि कच्च्या सोयाबीनवर ३० टक्के. कारण वेगळे होते, इतकेच.

हे करायला आरोग्याचे कारणसुद्धा द्यावे लागत नाही. प्रत्येक देशाने जागतिक व्यापार संघटनेला प्रत्येक वस्तूसाठी कमाल शुल्क लिहून दिलेले असते, व्यापारातले लोक त्याला बाउंड रेट म्हणतात. त्या मर्यादेच्या आत दर वर-खाली करणे हा त्या देशाचा अधिकार आहे. भारताची ही मर्यादा सोयाबीन तेलासाठी ४५ टक्के आणि पाम तेलासाठी तब्बल ३०० टक्के आहे. मात्र ३०० चा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. २०१० पासून लागू झालेल्या, आग्नेय आशियाई देशांच्या आसियान गटाशी केलेल्या करारात भारताने पामसाठी वेगळे वचन दिले. त्यानुसार २०१९ अखेरपर्यंत कच्च्या पामवरचे शुल्क ३७.५ आणि शुद्ध पामवरचे ४५ टक्क्यांवर आणायचे होते आणि जानेवारी २०२० मध्ये ते तसे आणलेही गेले. आपले जवळजवळ सगळे पाम आसियान देशांतूनच येत असल्यामुळे जिनिव्हात, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, राखलेली ३०० ची मोकळीक प्रत्यक्षात ३७.५ वर आली. करार करताना आरोग्य खात्याचा माणूस टेबलावर नसला की काय होते, याचे हे आपल्याच घरातले उदाहरण. सुदैवाने २७.५ चा आकडा या मर्यादेतही बसतो.

यात पळवाटा निघतील. दरातली दरी वाढली की पाम तेल नेपाळमार्गे, दक्षिण आशियाई सवलतीचा फायदा घेऊन येऊ लागते. तेलाच्या बाबतीत हे पूर्वी झालेले आहे. नेपाळात ताडाची लागवड नाही, तेव्हा तिथे खरोखर किती मूल्यवर्धन झाले याची कागदपत्रे सीमेवर तपासलीच पाहिजेत. दुसरी पळवाट मिश्रणाची. सोयाबीन म्हणून आलेल्या टँकरमध्ये पाम मिसळलेले असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही, पण गॅस क्रोमॅटोग्राफ या प्रयोगशाळेतल्या यंत्राला लगेच दिसते. पाम तेलात पामिटिक आम्ल ४४ टक्क्यांच्या आसपास असते, सोयाबीनमध्ये ११ आणि सूर्यफुलात ६-७. तिसरी भीती अशी की पाम महागले तर कुणी पुन्हा अर्धवट हायड्रोजनीकरण केलेल्या तेलाकडे वळेल. ती वाट आता बंद आहे. एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तेले आणि चरबी यांतील ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली, आणि ती देशी व आयात दोन्ही मालांना लागू आहे. डेन्मार्कने असाच नियम २००३ मध्ये केला होता. आता गरज आहे ती नमुने उचलण्याची, आणि ते काम बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाचे आहे, दिल्लीचे नव्हे.

इथे कुणीतरी विचारणारच की मग खोबरेल तेलाचे काय? खोबरेलात संपृक्त चरबी ८० टक्क्यांहून अधिक असते, पामपेक्षाही जास्त. हे मान्य करूनच पुढे जावे लागेल. सीमाशुल्काच्या प्रस्तावात खोबरेल येत नाही, कारण शुल्क सीमेवर लागते आणि आपले खोबरेल आपल्याच माडांचे आहे. पण पाकिटावरच्या इशाऱ्याचा नियम झाला तर त्यात खोबरेलाला सूट मागण्याचा मोह गोव्याने आणि केरळने टाळावा. ती सूट मिळाली त्या दिवशी मलेशियाच्या वकिलांच्या हाती आयते कोलीत मिळेल.

हेच अमेरिकेचे झाले. तिने तरुणांना व्यसन लागू नये म्हणून स्वादयुक्त सिगारेटींवर बंदी घातली, त्यात लवंगेच्या सिगारेटी आल्या, पण मेंथॉलच्या वगळल्या. लवंगेच्या इंडोनेशियातून येत होत्या, मेंथॉलच्या घरी बनत होत्या. २०१२ मध्ये अमेरिका हरली. स्वादावर बंदी घालणे निवाड्यात चुकीचे ठरले नाही, चुकीचा ठरला तो अपवाद. १९९० मध्ये थायलंडलाही गॅटच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या आधीच्या व्यवस्थेच्या, पॅनेलने हेच सांगितले होते. सरकारी कारखान्याच्या सिगारेटी विकायच्या आणि परदेशी रोखायच्या, हे चालणार नाही. मात्र दोन्हींवर सारखा कर, दोन्हींच्या जाहिरातींवर बंदी, दोन्हींवर इशारे, हे सगळे चालेल.

सर्वांत बोलके उदाहरण मेक्सिकोचे, कारण तिथे एकाच देशाने एकाच वस्तूवर दोन वेळा कर लावला. पहिल्यांदा, २००२ मध्ये, उसाची साखर सोडून इतर गोडी वापरणाऱ्या शीतपेयांवर २० टक्के कर बसवला. रोख अमेरिकेतून येणाऱ्या मक्याच्या सिरपवर होता आणि फायदा घरच्या साखर कारखान्यांचा. अमेरिका लवादात गेली आणि २००६ मध्ये मेक्सिको हरला. दुसऱ्यांदा, १ जानेवारी २०१४ पासून, साखर घातलेल्या सगळ्या पेयांवर लिटरमागे १ पेसो कर बसला, साखर उसाची असो की मक्याची, बाटली देशी असो की परदेशी. तो कर टिकला.

आपला शीतपेयांवरचा जीएसटी या कसोटीला उतरतो, पण आरोग्याच्या कसोटीला अर्धाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे, आधीही २८ अधिक १२ मिळून तितकाच होता. मात्र साखर असलेल्या आणि बिनसाखरेच्या गोड पेयाला दर एकच. मग कंपनीने साखर कमी का करावी? ब्रिटनने एप्रिल २०१८ मध्ये पायऱ्या केल्या. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही, ५ ते ८ ग्रॅमला लिटरमागे १८ पेन्स, त्यावर २४ पेन्स. कर लागू होण्याआधीच अनेक कंपन्यांनी साखर ५ ग्रॅमच्या खाली आणली. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्येच बिस्किटे आणि चॉकलेट १८ वरून ५ टक्क्यांवर आली, फरसाण आणि नूडल्स १२ वरून ५ वर. आता स्वित्झर्लंड आणि ब्रिटनशी झालेल्या करारांमुळे चॉकलेटवरचे सीमाशुल्कही टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. दोन्ही सवलती एकाच वस्तूवर एकमेकींच्या जोडीला येत आहेत हे कुणी एकत्र मांडून पाहिले असेल, असे वाटत नाही.

मद्याचा प्रश्न गोव्याच्या अधिक जवळचा. जुलै २०२५ मध्ये स्वाक्षऱ्या झालेल्या ब्रिटन करारात व्हिस्की आणि जिनवरचे शुल्क १५० वरून ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर यायचे आहे. ऑस्ट्रेलियन वाईनवरचे २०२२ अखेरपासून उतरत आहेच. यकृत, रक्तदाब आणि कर्करोग यांच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी नव्हे. पण अबकारी कर राज्याचा आहे, आणि दोन्ही मालांना सारखा लावला तर कोणताही करार त्याआड येत नाही. नेमके इथेच गोवा एकदा अडचणीत आला आहे. २००८ मध्ये युरोपीय समुदायाने भारताविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत जी सल्लामसलत, म्हणजे तंट्याची पहिली पायरी, मागितली, तिच्यात आयात वाईन आणि मद्यावरील राज्यांच्या करांचा आक्षेप महाराष्ट्राबरोबर गोव्यावरही होता. जपान शोचूसाठी, कोरिया सोजूसाठी आणि चिली पिस्कोसाठी, म्हणजे आपापल्या घरच्या मद्यासाठी, झुकते माप देऊन हरले. फेणीबाबत आपण तेच करू नये.

कर बाटलीतल्या शुद्ध अल्कोहोलवर लावावा. ४२.८ टक्क्यांच्या ७५० मिलिलिटर बाटलीत, मग ती काजू फेणीची असो की स्कॉचची, ३२१ मिलिलिटर अल्कोहोल असते. ५ टक्के बियरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत साडेबत्तीस. भट्टीवाल्याला जगवायचे असेल, आणि ते जगवायला हवे, तर सवलत वर्षाला अमुक लिटरपेक्षा कमी उत्पादन करणाऱ्या कोणत्याही लहान उत्पादकाला द्यावी, गावाचे किंवा पेयाचे नाव न घालता. आणि हे आयात शुल्क उतरण्याआधी करावे. स्कॉच स्वस्त झाल्यावर कर वाढवला तर ती करवाढ दिसते. आधी केला तर भाव जागच्या जागी राहतो.

दाबोळी आणि मोपा इथल्या आगमन कक्षात गेले की आणखी एक विसंगती दिसते. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला १०० सिगारेटी आणि २ लिटर मद्य शुल्क न भरता आणता येते. आपण २००४ मध्ये मान्य केलेल्या तंबाखू नियंत्रण करारनाम्याचे सहावे कलम सांगते की प्रवाशांना मिळणाऱ्या करमाफ तंबाखूवर बंदी किंवा निर्बंध घालावेत. १९९७ मध्ये धूम्रपान आणि थुंकणे यांविरुद्ध स्वतःचा कायदा करणाऱ्या गोव्याने ही सूट काढून टाकण्याची मागणी केंद्राकडे करायला काहीच हरकत नाही. प्रवाशांच्या सामानाचे नियम अधिसूचनेने बदलतात, संसदेत विधेयक आणावे लागत नाही.

पाकिटावरच्या लेबलाबाबत थोडक्यात. एफएसएसएआयच्या सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात अर्ध्या ते पाच ताऱ्यांची पद्धत आहे. तीत साखर आणि मीठ यांचे उणे गुण तंतुमय पदार्थ, प्रथिने किंवा सुकामेवा यांच्या अधिक गुणांनी भरून काढता येतात. म्हणून साखरेने भरलेल्या तृणधान्याच्या डब्यालाही तीन तारे मिळू शकतात. चिलीने २०१६ पासून काळे अष्टकोनी इशारे छापले, त्यात बेरीज-वजाबाकी नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तज्ज्ञ समितीला शिफारशी करायला तीन महिन्यांची मुदत दिली होती. खटल्याच्या दटावणीला भिऊन थांबण्याचे कारण नाही. सिगारेटच्या पाकिटावरून कंपनीचे रंग आणि चिन्हे हटवणाऱ्या साध्या वेष्टनाच्या खटल्यात ऑस्ट्रेलिया २०१८ मध्ये आणि मग अपिलात २०२० मध्ये जिंकला, सिगारेट कंपनीविरुद्ध उरुग्वे २०१६ मध्ये जिंकला. न्यूझीलंड मात्र ऑस्ट्रेलियाच्या खटल्याकडे पाहत राहिला आणि त्याचा नियम मार्च २०१८ पर्यंत लांबला.

घटनेच्या सातव्या सूचीत परदेशी व्यापार, करारमदार आणि सीमाशुल्क केंद्राकडे आहेत, सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्याकडे. म्हणजे सही दिल्लीत होते आणि डायलिसिसचा खर्च गोव्याला येतो. त्यामुळे राज्याच्या आरोग्य खात्याने प्रत्येक वाटाघाटीच्या वेळी वाणिज्य मंत्रालयाला लेखी दोन गोष्टी मागाव्यात. एक, तेल, साखर, मद्य आणि तंबाखू यांवरचे कमाल शुल्क करारात आणखी खाली बांधून घेऊ नये. दोन, आरोग्यासाठीच्या अंतर्गत करांना आणि लेबलांना स्पष्ट अपवाद लिहून घ्यावा. उद्योगांच्या संघटना आपली निवेदने नेमाने पाठवतात.

अन्नविषयक नवा तांत्रिक नियम इतर देशांना कळवावा लागतो आणि हरकतींसाठी साधारण ६० दिवस मिळतात. या सूचना ई-पिंग या संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य वाचता येतात. तिथे नोंदणी करताना सीमाशुल्काच्या वर्गीकरणातले तेल-चरबीचे १५ वे, साखरेचे १७ वे, बेकरीचे १९ वे, पेयांचे २२ वे आणि तंबाखूचे २४ वे प्रकरण निवडले की त्या-त्या मालाच्या सूचना ईमेलने येतात. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या समाजवैद्यक विभागातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दर महिन्याला आलटूनपालटून हे काम देता येईल. ६० दिवसांच्या आत दोन पानी हरकत एफएसएसएआयला पाठवणे त्यांच्या आवाक्यातले आहे.

आपले,
व्यापार कायदा आणि सार्वजनिक आरोग्य या क्षेत्रांत काम करणारे वाचक,
फोंडा, गोवा